फुंका, पण हुशारी नको!

पुण्याहून शुक्रवारी रात्री निघायचं, सकाळी नांदेड, तिथून लोहा. शनिवारी वर्गमित्राची हळद, आणि हळद म्हटल्यावर लातूर रोडच्या ढाब्यावर ‘बसणं’ आलंच! परतताना अंधारात टॉर्च हलतो, बाईक थांबते आणि हवालदार मामा मशीन पुढे धरतात.

अशा वेळी आपली पब्लिक एक तर फुंकायला नकार देते, नाही तर ‘ओळखीच्या साहेबांना’ फोन लावते. दोन्ही बंडल आयडिया आहेत, बॉस! कायद्याची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. तुम्ही प्यायलात असा रास्त संशय असताना फुंकलं नाही, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. वर तो नकार कोर्टात तुमच्याच विरोधात जातो.

अटक झालीच तर आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 प्रमाणे अटकेपासून दोन तासांत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, नाही तर कोठडीतून सोडावं लागतं. (केसमधून नव्हे हं!) घाई का? कारण रक्तातली दारू तासागणिक उतरत जाते. उशिरा घेतलेल्या सॅम्पलला काय अर्थ?

आणि त्या सॅम्पलची किंमत काय असते ते पुण्यानं पाहिलंय. 19 मे 2024 ला कल्याणीनगरमध्ये पोर्शेच्या धडकेत बाईकवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. एक मुलगा, एक मुलगी. तुमच्याआमच्यासारखीच नोकरी करणारी. त्यानंतर ससून हॉस्पिटलमध्ये आरोपी मुलाचं रक्तच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. त्यामुळे ‘डॉक्टर ओळखीचे आहेत’ असं कुणी कानात सांगितलं, तर ऐकूच नका.

‘इथंच मिटवू’ हेही विसरा. कलम 185 चा दंड रस्त्यावर भरून सुटता येत नाही, कोर्टात जावंच लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही.

नुसतं 185 असेल तर गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा तुमचा हक्क. कुणाला धडक बसली असेल तर मात्र गणितच बदलतं, तेव्हा वकील आधी, बाकी सगळं नंतर. लायसन्स किंवा गाडी जमा केली तर पावती मागून घ्या. न वाचता सही करू नका. आवाज चढवू नका, ‘तुम्हाला माहितीय का मी कोण आहे’ तर अजिबातच नको.

अटकेची खबर घरच्यांना देणं हाही तुमचा हक्क आहे, तो वापरा. लोह्यात तसंही सकाळच्या पहिल्या चहापर्यंत सगळ्यांना कळणारच असतं, त्यापेक्षा बाबांना तुमच्याकडून कळलेलं बरं.