शून्य ते शंभर, पण ताम्हिणीत कुठे?

कट्ट्यावर इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : शून्य ते शंभर किती सेकंदात? २०२५ साली आलेल्या हॅरियर ईव्हीचं दोन मोटरचं मॉडेल, कंपनी म्हणते, ६.३ सेकंदात. मान्य! पण ताम्हिणीच्या वळणांवर शंभर गाठणार कुठे, राव?

त्यापेक्षा मोटर कुठली चाकं फिरवते ते बघा. नेक्सॉन ईव्हीत पुढची, चाकणला बनणाऱ्या बीई ६ मध्ये मागची. चढावर वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात. त्यात ओला रस्ता, आणि इलेक्ट्रिक मोटरचा टॉर्क तर पॅडलला पाय लागताच हजर. मग पुढची चाकं जागीच फिरणार. उतारावर मात्र उलटं. वजन पुढे येतं आणि मोटरच्या ब्रेकिंगला पुढच्याच चाकांची पकड जास्त. दोन मोटर दोन्हीकडे चालतात हे खरं, पण दुसरीचं वजन बारा महिने वाहायचं आणि पैसेही मोजायचे. डांबरी घाटासाठी माझं मत मागच्या चाकांना. उरलेल्या पैशांत टायर चांगले घ्या.

आणि हो, घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर बॅटरी शंभर टक्के भरून कोकणात उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज मावत नाही, सगळा उतार मग साध्या ब्रेकवर.