धर्म, कायदा आणि यंत्र

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याचे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात आले ते तेथील जंगलामुळे. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रहास प्रारंभ केला आणि त्याच महिन्यात डॉ. केशव बळिराम हेडगेवार व त्यांचे सहकारी यांनी लोहाऱ्याच्या राखीव रानात गवत कापून कारावास पत्करला. गवतावर हक्क रयतेचा की सरकारचा, हा तेथील प्रश्न होता. त्याच वर्षी २ मार्चला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे दुसरा प्रश्न उभा राहिला होता. त्यातील प्रतिपक्ष परकी सरकार नसून स्वकीय समाज होता. राज्य बदलल्याने हा दुसरा प्रश्न सुटणार नाही, ही जाणीव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घटनाकार्याच्या मुळाशी आहे. त्यांच्या धर्मनिरपेक्षतेचा अर्थ लावताना नेमका तिचाच विसर पडतो.

घटनेत ‘धर्मनिरपेक्ष, संघराज्यीय, समाजवादी’ हे शब्द घालण्याची प्रा. के. टी. शहा यांची सूचना आंबेडकरांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी नाकारली. सबब १९७६ साली ४२व्या दुरुस्तीने उद्देशिकेत आलेला ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द त्यांना अमान्य होता, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. घटना समितीचा वृत्तांत पाहता त्यांच्या उत्तराचा सारा रोख ‘समाजवादी’ या शब्दावर होता. समाजाची घडी कशी असावी हे पुढील पिढ्यांनी ठरवावे, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा शब्दापेक्षा कलमे वाचणे बरे. शाळा-कचेऱ्यांतून उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. कलमांपर्यंत सहसा कोणी जात नाही.

सतरावे कलम अस्पृश्यता नष्ट करते. पंचविसावे कलम धर्मस्वातंत्र्य देते. पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीती, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन ठेवते. शिवाय हिंदूंच्या सार्वजनिक स्वरूपाच्या धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याची मुभाही ते राज्यास देते. काळाराम मंदिराचे दार येथे कायद्याच्या भाषेत उघडले गेले आहे. या देशात धर्म जन्मापासून मृत्यूपर्यंत सारे जीवन व्यापून बसतो, त्यास मर्यादा न घातल्यास सामाजिक सुधारणेचा कोणताही कायदा करता येणार नाही, असे आंबेडकरांनी २ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बजावले होते. सर्व धर्मांना सारखाच नमस्कार करून स्वस्थ बसणारे राज्य त्यांना अभिप्रेत नव्हते. हिंदू कोड बिल रखडताच सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, हे त्याचेच प्रत्यंतर होय.

तथापि हा पुरुष धर्मविन्मुख नव्हता, आणि येथेच अनेक पुरोगामी अभ्यासकांची अडचण होते. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूर येथे धम्मदीक्षा घेतल्यावर, गरिबाला जगण्यासाठी आशा लागते व ती धर्म देतो, असे त्यांनी सांगितले. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तर धर्म वैयक्तिक असला तरी धम्म सामाजिक असतो, अशी मांडणी आहे. कायद्याने धर्मास आवर घालणाऱ्यानेच धम्मास समाजाचा पाया म्हणावे, यात विसंगती वाटेल. परंतु दोन्हीकडे कसोटी एकच आहे: माणसाने माणसाशी कसे वागावे.

यंत्राकडेही ते याच दृष्टीने पाहत. गांधीवादाची चिकित्सा करताना १९४५ साली त्यांनी लिहिले की दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे; माणसाला पशुवत कष्टांतून सोडवून विचाराला फुरसत मिळवून द्यायची तर यंत्रावाचून गत्यंतर नाही.

लोहाऱ्यात आता औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतींच्या कारखान्यांत पाळीवर शेजारच्या यंत्रावर कोण उभा आहे याची चौकशी सहसा होत नाही. पाळी संपवून तोच कामगार भाड्याची खोली शोधू लागतो, तेव्हा त्याचे आडनाव का विचारले जाते?