आग्रह आवरा : पुण्यातील मंडळे, सोसायट्या आणि कचेऱ्यांना जाहीर आवाहन



श्रावण लागला की दिवाळीपर्यंत आपल्या शहरात कोणाचे ना कोणाचे बोलावणे असतेच. मंगळागौर, सत्यनारायण, गणपतीची आरती, पक्षाचे जेवण, नवरात्रातले उपवास, कोजागरी आणि शेवटी फराळ. हे आवाहन या काळासाठी आहे आणि ते आजाऱ्यांना नसून यजमानांना आहे. गणेश मंडळांचे कार्यकर्ते, सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी, भजनी मंडळांतल्या भगिनी, हास्यक्लबातले ज्येष्ठ, मंगल कार्यालयांचे चालक आणि आचारी, आणि ज्या कचेऱ्यांत दिवसातून तीनदा चहाची किटली फिरते तिथले साहेब लोक, या सगळ्यांना.

मी पेठेत दवाखाना चालवणारा फॅमिली डॉक्टर. हल्ली रिपोर्ट हातात घेऊन येणारी माणसे खुर्चीत बसता बसता सांगतात, "डॉक्टर, शुगर नाही निघाली, बॉर्डरवर आहे फक्त." सांगताना चेहरा थोडा सुटलेला असतो. ही बॉर्डर कोणती, ते आधी आकड्यांत सांगतो. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० ते १९९, किंवा ज्याला आपण 'तीन महिन्यांची साखर' म्हणतो ती एचबीएवनसी ५.७ ते ६.४. यातले काहीही निघाले तर तो पूर्वमधुमेह. त्यात दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे रिपोर्ट फाइलमध्ये जातो आणि माणूस पंगतीत.

आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक या बॉर्डरवर आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यात तर मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के निघाले, देशात सर्वांत जास्त.

या १३ कोटींचे पुढे काय होते? चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी अशाच ५३१ जणांवर अभ्यास केला, तो २००६ मध्ये छापून आला. ज्यांना नेहमीचाच सल्ला देऊन सोडले, त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या आहार-व्यायामाचा नीट पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. मला हे दोन्ही आकडे महत्त्वाचे वाटतात. ताट बदलल्याने फरक पडतो, आणि तरीही काही जण पलीकडे जातातच. म्हणून "हा काढा प्या, शुगर मुळापासून जाईल" अशी फलकबाजी करणाऱ्यांना कृपया आपल्या मांडवात जागा देऊ नका. देणगी कितीही मोठी असो.

"पण मी तर सडपातळ आहे" हा पेठेतला आवडता बचाव. त्याचे उत्तर याच शहरात मिळालेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. पुण्याजवळच्या गावांत जन्मलेली बाळे याज्ञिकांच्या गटाने तपासली, तेव्हा ती युरोपातल्या बाळांपेक्षा वजनाने हलकी असूनही चरबी मात्र राखून असलेली आढळली. आपली ठेवणच अशी आहे. स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी जास्त. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर यापुढे गेली की सावध व्हावे.

आता ताटाकडे वळू. साखरेला आपण घाबरतो, पिठाला नाही. पोटात गेल्यावर पिठाचीही साखरच होते. एका मध्यम पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदके, वाटीभर शिजलेल्या भातात ४०. चार पोळ्या, दीड वाटी भात आणि वर बटाट्याची भाजी, म्हणजे गोडाचा घास न घेताही एका जेवणात दीडशे ग्रॅमच्या पुढे. त्याच ताटात वरण पातळ, उसळ असलीच तर चमच्याने वाढलेली, कोशिंबीर नखभर. आपल्या गोंधळाचे मूळ इथे आहे. आयसीएमआरच्याच पाहणीतून २०२५ मध्ये आलेला निष्कर्ष असा की भारतीयांच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येते.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मिलेटच्या लाटेत बुडून गेली. तांदूळ-मैदा काढून त्याच्या जागी तेवढीच पोळी किंवा तेवढीच भाकरी आणली, तर धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण कर्बोदके घटली आणि त्यांची थोडी जागा प्रथिनांनी घेतली, तर कमी झालेला दिसला. ज्वारीची भाकरी उत्तमच, तिच्यात तंतू आहेत, पोट भरते. पण एका जाड भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागते, म्हणजे कर्बोदकांच्या हिशेबात ती दोन पोळ्यांना भारी पडते. "गहू सोडलाय, आता तीन भाकऱ्या खातो" असे सांगणाऱ्या काकांना मला दर वेळी हा हिशेब मांडून दाखवावा लागतो, आणि काका दर वेळी रागावतात. गुळाचेही तेच. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. गुळाचा चहा रक्ताला साखरेच्या चहासारखाच कळतो. उसाच्या रसाच्या एका मोठ्या ग्लासात सहा-सात चमचे साखर सहज असते, मग तो रस कितीही 'नैसर्गिक' असो.

हे सगळे मी रुग्णाला सांगू शकतो, सांगतोही. घरात सूनबाई किंवा आई ऐकतात, पोळ्या चाराच्या दोन होतात, मटकी-हुलग्याची वाटी मोठी होते. मग तो माणूस घराबाहेर पडतो आणि आपल्या हाती सापडतो. कचेरीत किटलीतला चहा आधीच गोड करून आलेला. भिशीत सामोसा. वाढदिवसाला केक. मांडवात साबुदाण्याची खिचडी. "एकाने काय होतंय हो?" म्हणत आपण दुसरी जिलबी पानात टाकतो आणि त्याने नको म्हटले की यजमानाचा अपमान होतो. पूर्वमधुमेह हा मनाच्या निर्धाराचा प्रश्न आहे असे आपण समजतो. माझ्या मते तो निम्मा तरी आपण वाढतो काय, याचा प्रश्न आहे. म्हणून ही विनंती.

सुरुवात चहापासून करा, कारण ती फुकट होते. चहा बिनसाखरेचा करा आणि साखरेचा डबा चमच्यासह शेजारी ठेवा. ज्याला हवी तो घेईल. दोन चमच्यांचे पाच चहा म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम साखर, आणि ती पिणाऱ्याच्या हिशेबात कधीच धरलेली नसते. अमृततुल्याच्या गावात हे सांगणे म्हणजे धाडसच आहे. तिथे जाऊन कोणी आपल्या आवडीने गोड चहा प्यावा, माझी हरकत नाही. हरकत आहे ती न विचारता घातलेल्या साखरेला. चहाबरोबरची मारी बिस्किटे आणि खारीही बंद करा. मारी हे पथ्याचे बिस्किट असल्याचा समज कोणी पसरवला कोण जाणे, ती मैदा आणि साखरच आहे. त्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे ठेवा.

मग उपवास. साबुदाणा आपल्याकडे कसाव्याच्या कंदापासून करतात आणि तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. प्रथिने नावापुरती, तंतू नाहीतच म्हणा ना. खिचडीतले शेंगदाणे आणि तूप त्याचा वेग थोडा आवरतात, पण बशीभर खिचडी आणि वर वडे हा उपवास नव्हे. नवरात्रात मंडळाने फराळ ठेवायचाच असेल तर दाण्याची आमटी वाटीभर आणि वरी डावभर, असा नेहमीच्या उलट हिशेब धरा. दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत, ताक, राजगिऱ्याचे छोटे थालीपीठ. उपवासाला यातले बहुतेक घरांत चालते. वरीही धान्यच आहे, हे तेवढे लक्षात असू द्या.

प्रसादाला मी हात लावत नाही. फक्त आठवण करतो की प्रसाद तळहातावर घ्यायचा असतो. सत्यनारायणाच्या शिऱ्याची प्लेट आपणच केली आहे, पोथीत ती नाही. लहान द्रोण आणा. मोदक एकच द्या, पण हातवळणीचा आणि साजूक तुपाचा द्या. एक चांगला मोदक खाऊन माणूस सुखी होतो. पाच पेढे वाटून मंडळ फक्त मोठे दिसते.

मंगल कार्यालयांच्या चालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, अळूवडी, जिलबी, आणि आता त्यात नूडल्सचा काउंटर. या ताटात पिठावर पीठ रचलेले आहे, आणि त्यातला मठ्ठा तेवढा सज्जन. ताटाचा दर न वाढवता एक उसळ घालता येते, मोड आलेल्या मटकीची किंवा मसुराची. वालाच्या बिरड्याला हल्ली लग्नात कोणी विचारत नाही, ते तर पाहुण्यांना मेजवानीसारखे वाटेल. मांसाहारी पंगतीत मटण-मासे वाढा की, पण तिथेही भाताचा ढीग मागाहून येऊ द्या. आपल्याकडे पंगत वरणभाताने सुरू होते, ही रीत मला प्रिय आहे. तरी सुचवतो की पाने मांडल्यावर कोशिंबीर आणि उसळ आधी वाढा आणि पाच-सात मिनिटे जाऊ द्या, मग भात आणा. भाजी आणि प्रथिने आधी खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे मधुमेहींवर झालेल्या छोट्या अभ्यासांत दिसले आहे. आणि जेवणानंतर पाहुण्यांना सोफ्यावर बसवण्याऐवजी मांडवाभोवती दहा-पंधरा मिनिटे फिरू द्या. चालणाऱ्या पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

पर्वती आणि तळजाईच्या मित्रांना वेगळे सांगायला हवे का? चढून उतरल्यावर बटाटेवडा आणि पाव ही टेकडीला दिलेली दक्षिणा आहे. एखाद्या दिवशी चालेल. रोज नको.

हे आवाहन कोणाला लागू नाही, तेही सांगतो. जे इन्शुलिन घेतात किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण किंवा भात-पोळी एकदम कमी करू नये; साखर अचानक घसरून चक्कर येते, बेशुद्धीही येऊ शकते. गरोदर स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, क्षयरोगाचे रुग्ण यांच्या ताटातले काही काढू नका. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी विचारावे. ज्या स्त्रियांना गरोदरपणात साखर झाली होती, त्यांनी मात्र "बाळंतपणानंतर गेली" म्हणून विसरू नये. त्यांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो, आणि त्यांच्या मागे लागून तपासणी करून घेणे हे भजनी मंडळाला माझ्यापेक्षा चांगले जमेल.

शेवटी आरोग्य शिबिरांविषयी. उत्सवात मंडळे हौसेने शिबिरे घेतात आणि ती आरतीनंतर, मोदक हातात असताना भरतात. तेव्हा बोट टोचून निघालेल्या आकड्यावरून पूर्वमधुमेह कळत नाही. शिबिर सकाळी सातला ठेवा, आदल्या रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही, चहासुद्धा नाही, हे फलकावर ठळक लिहा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला बोलवा. सरकारी आरोग्य केंद्रांतही या वयापासून साखर आणि रक्तदाबाची तपासणी मोफत होते, तिथल्या लोकांना सोबत घ्या. शहरात शिकायला आलेल्या विदर्भ-नंदुरबारच्या मुलांपैकी कोणाला सिकलसेल असेल, तर त्याच्या एचबीएवनसीवर विसंबू नका, तो आकडा फसवा येतो. लोहाच्या कमतरतेने पांडुरोग झालेल्या स्त्रियांत तो उगाच चढा दिसू शकतो. अशांची उपाशीपोटीची किंवा ग्लुकोज पिऊन केलेली तपासणी बरी. रिपोर्टवर 'नॉर्मल' किंवा 'बॉर्डर' असा शिक्का न मारता आकडा लिहा, आणि तो बॉर्डरवरचा असेल तर शेजारी पुढच्या वर्षीच्या तपासणीची तारीख घाला.

आपला,
पेठेतला एक फॅमिली डॉक्टर