हळदीकुंकवात पगार

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून ‘पगाराची बोलणी’ हा तासाभराचा कार्यक्रम ठेवल्याबद्दल कार्यकारिणीला बरेच ऐकून घ्यावे लागले. नाराज झालेल्यांत मंडळाच्या स्थापनेपासूनच्या सभासद आहेत. त्यांच्याविषयी आदर आहेच, कोणाचे मन दुखवायचे नव्हते. पण वाण लुटताना पैशाची भाषा शोभत नाही, हे म्हणणे आम्हाला पटलेले नाही.

आपल्यातली निम्मी घरे मूळची मुंबईतल्या गिरगाव, दादर, परळ, लालबागची. कोणाची आजी गिरणीत वायंडिंग खात्यात, कोणाची खानावळ. 1959 साली गिरगावातल्या गच्चीवर सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्यातून लिज्जत उभे राहिले. (त्या गुजराती होत्या हे कोणी सांगण्याआधी: गच्ची आपलीच.) 1975मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्यांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराच्या कर्जातून सोडवून बँकेत नेले. यांतल्या कितीतरी जणी हळदीकुंकू करणाऱ्याच होत्या.

कार्यक्रमात वक्त्यांनी सांगितलेली मुंबईतल्या बॅलार्ड इस्टेटची हकिकत मात्र आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. ऑड्री डिकोस्टा मॅकिनन मॅकेंझी कंपनीत लेडी स्टेनोग्राफर होत्या. तेच काम करणाऱ्या पुरुषांना पगार जास्त. 1977मध्ये नोकरी गेल्यावर त्यांनी 1976च्या समान वेतन कायद्याखाली फरक मागितला. कंपनी म्हणाली, हे पगार युनियनशी झालेल्या करारातले आहेत, शिवाय आमची ऐपत नाही. 1987मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही सबबी फेटाळल्या. युनियनची सहीच बाईच्या आड आली, हे आम्हा लालबागकरांना जरा झोंबते.

पण शेजारच्या टेबलावर किती पगार मिळतो हे माहीत असल्याशिवाय फरक मागणार कसा? आपल्यात साडीची किंमत विचारतात, घराचा हप्ता विचारतात. पगार विचारला की सगळ्यांना चहा आठवतो. इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, 2010च्या इक्वॅलिटी ॲक्टप्रमाणे, पगारात भेदभाव होतो का हे पाहण्यासाठी सहकाऱ्याशी बोलल्यास करारातले गुप्ततेचे कलम आड येत नाही. 250 किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीला स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत दरवर्षी जाहीर करावी लागते. आपल्या कंपनीचा आकडा कोणी पाहिलाय, असे विचारल्यावर एकच हात वर आला.

वाण घ्यायला 70 जणी होत्या. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा 14 उरल्या. पार्किंगचे दोन तास संपत आले होते, मान्य. गणपतीच्या महाप्रसादाला तेच पार्किंग कसे पुरते, हे कोडे आहे.

वक्त्यांचा मुख्य सल्ला होता: आधीचा पगार सांगत बसू नका, या कामाला बाजारात काय मिळते ते शोधून आकडा सांगा, आणि मग गप्प बसा. गप्प बसणे आपल्या मंडळात कोणाला जमेल, सांगता येत नाही. म्हणून सरावाची बैठक मार्चच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीनला ठेवली आहे. या वेळी हळदीकुंकू वेगळे, बैठक वेगळी. दोन्ही बाजूंनी समाधान मानावे. मुलांना शेजारच्या खोलीत युवा शाखा सांभाळेल, चहा पुरुष करतील. नावे फेब्रुवारीअखेर सचिवांकडे द्यावीत. दहा जणी तरी झाल्या नाहीत तर हॉल सोडावा लागेल, आणि अनामत परत मिळत नाही.