कोटितीर्थाची सबब

कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी शाहू छत्रपतींचा जन्म झाला. ती वास्तू आज राजर्षींचे स्मारक म्हणून जपली जाते, आणि ते योग्यच आहे. त्यांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान यांच्या वाट्याला मात्र एक आख्यायिका तेवढी आली. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले आणि शोकाकुल आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थ तलावात फेकली, ही ती कथा. चित्रांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. सांगताना दाटून येणारा गळा तेवढा कायम असतो.

कथा खरी की खोटी, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. ती आमची सोय पाहते, ही आमची तक्रार आहे. चित्रे पाण्यात गेली म्हटले की ती पाहण्याची, त्यांचा काळ ठरवण्याची, ती जपण्याची जबाबदारीही पाण्यात जाते. आबालाल १९३१ पर्यंत जगले. आमच्या कथनात ते १९२२ सालीच संपतात. मागे उरतो तो स्वामिनिष्ठ अवलिया. चित्रकार कोठेच दिसत नाही.

दुसरा शेरा विद्वानांचा: व्हिक्टोरियन वळणाचे अनुकरण! आबालाल मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तेथील शिक्षण विलायती धर्तीचे होते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत होते, हे विसरून कसे चालेल? शिवाय मुंबईत शिकून आबालाल कोल्हापुरास परतले आणि कोटितीर्थ-रंकाळ्याचा परिसर रंगवत राहिले. शाळा विलायती म्हणून नजरही विलायती, असे समीकरण मांडायचे असेल, तर इंग्रजी सुनीत मराठीत आणणाऱ्या केशवसुतांनाही तोच न्याय लावावा लागेल. तो आम्ही लावत नाही, कारण केशवसुत आम्ही वाचलेले आहेत.

आबालाल आम्ही पाहिलेले नाहीत, हे या दोन्ही शेऱ्यांचे मूळ आहे. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. साहित्याच्या अध्यापकांना आमची एवढीच विनंती आहे, की कोटितीर्थाची गोष्ट वर्गात सांगण्यापूर्वी विद्यार्थ्यांना त्या चित्रांसमोर उभे करावे आणि जे दिसले ते मराठीत लिहावयास लावावे.