कुंडीबाहेरचे मूल

आमच्या घरी एक अल्बम आहे. त्यात दादाच्या बारशाचे सोळा फोटो आहेत. माझे अकरा. त्यानंतर जावळ, उष्टावण, पहिला वाढदिवस, सारे काही रीतसर चिकटवलेले. धाकट्या बहिणीचा पहिला फोटो मात्र एकदम आठव्या महिन्यातला. त्याआधीची ती अल्बममध्ये नाहीच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिने अल्बम चाळता चाळता विचारले, "माझा लहानपणचा फोटो कुठे आहे? मी तेव्हा नव्हते का?" बाबांनी वर्तमानपत्र उलगडले. आई दूध उतू जाईल म्हणून आत गेली. दूध तापत ठेवलेलेच नव्हते.

कारण मला ठाऊक होते. बहीण सातव्याच महिन्यात जन्मली. वजन सव्वा किलो. जवळजवळ दीड महिना काचेच्या पेटीत होती. मामाने कॅमेरा आणला तेव्हा आजी म्हणाली, "आधी जगू दे पोरीला, मग काढा काय ते." तिला नजर लागण्याची भीती होती. बाकीच्यांना आणखी एक गोष्ट वाटत असावी, ती कोणी बोलले नाही: असले नळ्या लावलेले, कातडी सुरकुतलेले मूल फोटो काढण्याजोगे नसते.

मी तेव्हा सात वर्षांची. रुग्णालयाच्या बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहत असे. त्यावर फुलाच्या पाकळ्यांत झोपलेले एक गुबगुबीत बाळ होते. आत पेटीत होती ती माझी बहीण, आणि भिंतीवर होते ते 'खरे' बाळ, अशी माझी तेव्हाची समजूत. त्या कॅलेंडरवरचे इंग्रजी नाव पुढे कित्येक वर्षांनी ओळखीचे झाले: अ‍ॅन गेडिस.

या बाई मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या. जन्म १९५६ चा, क्वीन्सलँड प्रांतातला. छायाचित्रणाचे शिक्षण त्यांनी कोणत्याही शाळेत घेतलेले नाही. १९८३ साली लग्न करून नवऱ्याबरोबर त्या हाँगकाँगला गेल्या, आणि पंचविशी उलटल्यावर त्याचाच कॅमेरा हाती घेऊन शिकल्या. पुढे स्वतःच्या दोन मुलींचा फोटो घालून त्यांनी नाताळचे भेटकार्ड केले, त्यातून धंद्याची कल्पना निघाली. ऑस्ट्रेलियातून न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला बिऱ्हाड हलले आणि तिथे त्यांचा स्टुडिओ नावारूपाला आला. दिवसभर गिऱ्हाइकांच्या मुलांचे फोटो काढून त्या कंटाळल्या, तेव्हा महिन्यातला एक दिवस त्यांनी केवळ स्वतःच्या मनासारखे चित्र काढण्यासाठी राखून ठेवला. कोबीच्या गड्ड्यात बसवलेली जुळी मुले, कुंडीतून डोकावणारी बाळे ही त्या राखून ठेवलेल्या दिवसांची पैदास. पहिले कॅलेंडर १९९२ चे. १९९६ मध्ये 'डाउन इन द गार्डन' हे पुस्तक आले आणि अमेरिकेत तुफान खपले. त्यानंतर पुस्तके, कॅलेंडरे, भेटकार्डे मिळून कोट्यवधी प्रती जगभर गेल्या. त्यातलीच एक आमच्या गावच्या रुग्णालयापर्यंत येऊन पोहोचली.

आमच्या वर्गात या विषयावर एकदा वाद झाला. बहुतेकांचे मत असे की, ही कला नव्हे, हा गोडाचा बाजार आहे. मूल म्हणजे भोपळा किंवा सूर्यफूल नव्हे. शिवाय त्या बाळाला कोणी विचारले? सहासात महिन्यांचे मूल बसू शकते, पण रांगून पळून जाऊ शकत नाही. त्या वयाची मुले छायाचित्राला सोयीची, हे सत्यच जरा टोचणारे आहे. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. गेडिसबाईंची शंभर चित्रे एका बैठकीत पाहावीत, शेवटी शेवटी जीभ आंबते. बाळ दिसेनासे होते, टोपी तेवढी दिसते.

पण तेवढ्यावर निकाल देऊन मोकळे व्हावे, असेही मला वाटत नाही. कारण ज्या वर्षांत कुंड्या आणि कोबी चालू होते, त्याच वर्षांत, १९९३ साली, याच बाईंनी एक वेगळे चित्र काढले. एका धिप्पाड पुरुषाचे दोन हात आणि त्या हातांत अठ्ठावीस आठवड्यांतच जन्मलेली एक चिमुकली मुलगी. बस्स. फूल नाही, टोपी नाही, पंख नाहीत. ते हात एवढे मोठे आणि ते मूल एवढे लहान, की पाहणाऱ्याला आपोआप स्वतःचे हात कसे धरावेत असा प्रश्न पडतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या कित्येक आईबापांना या चित्राने धीर दिला, असे बाईंनी सांगितले आहे. मला ते सांगण्याची गरज नव्हती. महाविद्यालयातल्या संगणकावर ते चित्र प्रथम समोर आले, तेव्हा मी शेजारच्या मैत्रिणीपासून तोंड लपवले होते.

आणखी एक गोष्ट. २०१४ मध्ये त्यांनी मेनिंगोकॉकल या भयंकर रोगातून वाचलेल्या मुलांची छायाचित्रे केली. हा रोग काही तासांत माणसाला संपवू शकतो आणि जे वाचतात त्यांतल्या काहींचे हातपाय कापावे लागतात. ती मुले गेडिसबाईंनी उघड्या अंगाने, आहेत तशी उभी केली. या कामामागे लस बनवणाऱ्या कंपनीचा पैसा होता, हेही लपवण्याचे कारण नाही. तरीसुद्धा त्या मुलांच्या नजरेत कीव मागणारे काही नाही. कोट्यवधी लोकांना जिने गोंडस बाळे पुरवली, तिनेच म्हटले की हेही मूलच आहे, याच्याकडेही पाहा. गोडव्याने मिळवलेले नाव असे खर्च केलेले मला तरी आवडले.

या बाईंच्या कारकिर्दीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मात्र एक साधा तपशील. स्वतःचे दोन वर्षांच्या आतले अवघे तीन फोटो आपण पाहिले, आणि नवजात असतानाचा एकही नाही, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. म्हणजे अल्बममधली रिकामी पाने त्यांनाही ठाऊक होती. एवढी हजारो बाळे त्यांनी का टिपली याचे उत्तर कदाचित तिथे असेल, कदाचित नसेल. पण त्या रिकाम्या पानांचे काय होते, हे माझ्या बहिणीच्या प्रश्नाने मला शिकवले.

आता काळ पालटला आहे. फोन हातोहाती आले आणि कॅलेंडरांचा, भेटकार्डांचा बाजार आटला. त्याची झळ गेडिसबाईंनाही लागली. २०२५ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेन येथे त्यांच्या आजवरच्या कामाचे प्रदर्शन भरले, म्हणजे जे भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होते ते आता संग्रहालयात गेले. इकडे आपल्या शहरांत त्यांची नक्कल जोरात आहे. टोपली, लोकरीची टोपी, पाठीला पंख, आणि आत झोपलेले दहा दिवसांचे बाळ. हौसेला मोल नाही, माझी त्याला हरकतही नाही. माझी हरकत आहे ती निवडीला. आपण गेडिसबाईंकडून टोपली उचलली आणि ते दोन हात तिथेच ठेवून आलो. गोरे, भरलेले, हसरे मूल तेवढे फोटोला चालते. गरोदर बाईच्या खोलीत चित्र लावतो तेही तसल्याच बाळाचे. मग पेटीतले मूल, ओठ दुभंगलेले मूल, ज्याच्या जगण्याची खात्री नाही असे मूल आपण 'नंतर काढू' म्हणून बाजूला ठेवतो. नजर लागू नये म्हणून ठेवतो, असे म्हणतो. खरे तर आपलीच नजर तिथे ठरत नाही.

फोटो काढल्याने मूल जगत नाही आणि न काढल्याने मरत नाही. पण जगले तर तेरा वर्षांनी ते विचारणार आहे, "मी तेव्हा नव्हते का?" आणि न जगले, तर ते होते याची आईजवळ दुसरी खूण कोणती?

सुट्टी संपण्यापूर्वी ते १९९३ चे चित्र मी बहिणीला दाखवले. तिने आधी हात पाहिले, मग मूल. "एवढीशी होते मी?" तिने मला विचारले. उत्तर मला देता आले नाही. आई मागे उभी होती. ती म्हणाली, "याहून लहान." मग हात पुसून आमच्याजवळ बसली, आणि पेटीच्या गोल भोकातून आत हात घालताना बांगड्या कशा काढून ठेवाव्या लागत, पहिल्या दिवशी बहिणीने तिचे कोणते बोट धरले होते, हे सांगू लागली. आजी देवघरात होती. तीही हळूच येऊन दाराशी बसली. एवढ्या वर्षांत हे आमच्या घरात कोणी बोलले नव्हते.

— तृतीय वर्ष, कला