एमवायच्या खात्यात घसारा कोण धरणार?

इंदुरातील जुन्या मराठी घरांत एमवाय रुग्णालयाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, "ते आपल्या महाराजांनी दिलेले." वाक्य खरे आहे आणि त्याचा अभिमानही योग्य आहे. पण वीस-बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढल्यामुळे मला रक्कम कोणी दिली यापेक्षा ती पुढे कशी सांभाळली गेली हे बघण्याची सवय जडली आहे. त्याच आवारात आता सातशे कोटींहून अधिक खर्चाची नवी इमारत होऊ घातली आहे. २०२५ साली तिचा बराच गाजावाजा झाला. भूमिपूजनाचे फोटो सर्वांनी पाहिले. खर्चाच्या दुसऱ्या बाजूबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

एमवायचा वंश होळकरांच्या देणगीपेक्षाही जुना आहे. १८७८ साली रेसिडेन्सीच्या हद्दीत इंदूर मेडिकल स्कूल निघाले. पुढे त्याला आणि तिथल्या रुग्णालयाला किंग एडवर्डचे नाव मिळाले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे, म्हणजे आपण जेमतेम एका पिढीने मागे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले 'डॉक्टरसाहेब' याच शाळेतून बाहेर पडलेले. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघ अस्तित्वात आला, यशवंतराव महाराज उपराजप्रमुख झाले, आणि त्याच वर्षी मेडिकल स्कूलच्या जागी महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. (ग्वाल्हेरकरांनी १९४६ मध्येच गजराराजा कॉलेज काढून आपल्यावर आघाडी घेतली होती, हे त्यांच्या अंकात ते लिहितीलच.) महाविद्यालय म्हटले की मोठे रुग्णालय लागणारच. ते महाराजांच्या दानातून पन्नासच्या दशकाच्या मध्यास उभे राहिले. सात मजली इमारत! त्या काळच्या इंदुरात लोक नुसती ती बघायला यायचे, असे घरातले वडीलधारे सांगत.

पुढे परिवार वाढत गेला. मनोरमाराजे क्षय रुग्णालय, चाचा नेहरू बाल चिकित्सालय, अलीकडचे सुपर स्पेशालिटी, शिवाय तुकोजीराव महाराजांच्या नावाचे स्त्री रुग्णालय, ज्याला सारे गाव एमटीएच म्हणते. २०१८ साली एमवायमध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपणही सुरू झाले. खाजगीत ज्याचा खर्च ऐकूनच माणूस खाली बसतो, तो उपचार सरकारी छपराखाली होऊ लागला. ही वाढ साधी नव्हे. हजारावर खाटा असलेल्या या रुग्णालयात झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोनपासूनची माणसे येतात. तिकडच्या सरकारी दवाखान्यात 'एमवायला घेऊन जा' हे शब्द कानी पडले की घरचे शेळी विकायला निघतात.

आता १९९४ कडे येऊ. सुरतेत प्लेग पसरला ते वर्ष. एमवायमध्ये तेव्हा उंदरांचे राज्य होते. तत्कालीन कलेक्टर सुधिरंजन मोहंती यांनी आजवर कोणी केले नव्हते ते केले. रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयांत हलवून अख्खी इमारत रिकामी केली, वर्षानुवर्षांचे भंगार ट्रक भरभरून बाहेर काढले, बिळे बुजवली आणि औषध मारले. बारा हजारांच्या आसपास उंदीर मारल्याचे तेव्हा सांगितले गेले. गावाने या कामाला हातभार लावला, व्यापाऱ्यांनी पैसा दिला. पन्नाशीपुढच्या वाचकांना ते दिवस आठवत असतील.

पण मला त्या उंदरांहून मोलाची वाटते ती नंतरची गोष्ट, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. एकदा साफ केलेले रुग्णालय साफ ठेवायचे तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न होता. त्यापूर्वी सरकारी रुग्णालयात जे काही शुल्क जमा होई ते सरकारी खजिन्यात जाई. नळाची तोटी बदलायची तरी कागद भोपाळला! यावर तोड म्हणून रोगी कल्याण समिती निघाली. ही नोंदणीकृत संस्था. तिच्यात लोकप्रतिनिधी, अधिकारी, डॉक्टर, गावातले नागरिक. ऐपत असलेल्यांकडून माफक शुल्क घ्यायचे, गरिबांना माफ करायचे, आवारातल्या दुकानांचे भाडे आणि देणग्या जमा करायच्या, आणि तो पैसा त्याच रुग्णालयात, इथल्याच लोकांच्या निर्णयाने खर्चायचा. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रुग्णालयाला प्रथमच स्वतःचे चालू खाते मिळाले. ही पद्धत राज्यभर पसरली, २००० साली तिला ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्कचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. महाराष्ट्रात आज जिला रुग्ण कल्याण समिती म्हणतात, तिचे माहेर आपले इंदूर आहे. महाराजांच्या देणगीइतकाच याचाही अभिमान आपण का बाळगत नाही, हे मला कळत नाही.

कदाचित पुढचे पान वाचवत नाही म्हणून असेल. २०१६ च्या मे महिन्यात एमवायच्या नुकत्याच सुरू झालेल्या ऑपरेशन थिएटरात ऑक्सिजनच्या नळीतून भुलीचा वायू आला आणि दोन बालके दगावली. नळ्यांची जोडणी चुकली होती. आणि ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस, ज्या इमारतीने उंदीर घालवण्याचा विक्रम केला होता त्याच इमारतीत, अतिदक्षता कक्षातल्या दोन नवजात मुलींना उंदरांनी चावे घेतले. काही दिवसांत दोघीही गेल्या. मृत्यू जन्मजात व्याधींमुळे झाले असे प्रशासनाचे म्हणणे. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, काहींना निलंबित केले गेले, कीटक-उंदीर नियंत्रणाच्या कंत्राटदार कंपनीला एक लाखाचा दंड झाला. व्याधी जन्मजात असेल. उंदीर जन्मजात नव्हता, एवढेच म्हणतो.

यात कोण दोषी ते न्यायालय बघेल. माझा मुद्दा हिशेबाचा आहे. आमच्याकडे शाखेत एक साधा पंखा घेतला तरी त्यावर दरवर्षी घसारा धरतात. वस्तू आजपासून झिजू लागली, हे त्या नोंदीमुळे कागदावर तरी कबूल होते. सरकारी हिशेब मात्र रोखीच्या पद्धतीचा. इमारत बांधली त्या वर्षी खर्च पडला, विषय संपला. तिची झीज कुठल्याच रकान्यात येत नाही. मग छत गळू लागले, ड्रेनेज तुंबले, जाळ्या फाटल्या, तरी ते कोणाच्याच खात्यात तोटा म्हणून दिसत नाही. दिसतो तो एकदम मोठा आकडा, 'नव्या इमारतीची गरज' म्हणून. नव्या इमारतीला फीत असते, पाटी असते. नाल्याच्या तोंडाला जाळी बसवली तर त्यावर कोणाचे नाव कोरणार?

हे एकट्या इंदूरचे दुखणे नाही. हैदराबादकरांना विचारा. १९२५ च्या उस्मानिया रुग्णालयाची ती देखणी वास्तू २०२० च्या पावसात वॉर्डांत पाणी शिरल्यावर रिकामी करावी लागली. निजामाने बांधले, नंतरच्यांनी वापरले, सांभाळले कोणी नाही.

रोगी कल्याण समिती ही या रोगावरचीच लस होती. ती आजही कागदावर आहे. शुल्क आहे, भाडे आहे, आयुष्मान योजनेच्या दाव्यांचा पैसाही सरकारी रुग्णालयांना मिळतो. मग वर्षाकाठी किती जमा झाले आणि त्यातले स्वच्छतेवर व दुरुस्तीवर किती गेले, हे रुग्णालयाच्या दारात फळ्यावर लिहायला हरकत कोणाची? आमच्या शाखेत व्याजदरसुद्धा फळ्यावर लावावे लागतात. समितीच्या बैठका वर्षातून किती झाल्या, हेही लिहावे. शुल्क वाढवा असे मी अजिबात म्हणत नाही. खरगोनहून आलेल्या माणसाकडून पर्चीचे चार पैसे जास्त घेऊन रुग्णालय सुधारणार नाही. घेतलेले पैसे कुठे जातात हे दिसले तर कदाचित सुधारेल.

एक कडू गोष्टही लिहून टाकतो. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगरातली आपली किती घरे आज उपचाराला एमवायला जातात? मेडिक्लेम आला आणि आपण खाजगीकडे वळलो. त्यात गैर काही नाही. पण ज्यांचा आवाज भोपाळपर्यंत पोचतो तेच रांगेतून निघून गेले, की उरलेल्यांची रांग कितीही लांब झाली तरी ती कोणाला दिसत नाही. अलीराजपूरची बाई माहिती अधिकाराचा अर्ज लिहीत बसणार नाही. आपल्यातले निवृत्त हिशेबनीस आणि शिक्षक लिहू शकतात, आणि त्यांच्याकडे वेळही आहे.

तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती अशी. समितीच्या गेल्या पाच वर्षांच्या जमाखर्चाचा अर्ज माहितीच्या अधिकारात मंडळाच्या पदाधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने टाकावा. मसुदा मी करून देतो. नव्या इमारतीच्या मंजुरीत देखभालीची वार्षिक तरतूद किती आणि कोणत्या शीर्षाखाली, हेही त्याच अर्जात विचारावे. आणि निवडणुकीत जे उमेदवार गणेशोत्सवाच्या मंडपात येऊन मराठी समाजाच्या योगदानाचे गोडवे गातात, त्यांना नारळ देण्याआधी एवढाच प्रश्न करावा, की एमवायच्या देखभालीचा आकडा आपण विधानसभेत शेवटचा केव्हा मागितलात. उत्तर काय आले ते पुढच्या अंकात छापू.